आभाच्या नावावर

आभा कुशल फणसे नावाची बाई बडोद्यात कुठेच राहत नाही. रेशनकार्डावर ती नाही, मतदारयादीत नाही, कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्येही नाही. पोस्टात मात्र तिचं पीपीएफचं खातं आहे, आणि गेल्या वर्षीच्या मार्चअखेर त्यात एकोणतीस हजारांवर काही रुपये होते. ते पैसे माझे आहेत. हे माहीत असलेली माणसं दोनच होती, मी आणि बाबा. बाबा डिसेंबरात गेले.

माझं माहेरचं नाव योगिनी, योगिनी विश्वास दिघे. सासरचं नाव संपदा. आभा या दोघींच्या मधली. ती दीड महिना होती, आणि तेवढ्यात बाबांनी तिचं खातं उघडून टाकलं.

झालं ते असं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत साखरपुडा झाला. होणाऱ्या सासूबाईंनी बाबांच्या हातात पेढ्यांचा पुडा देता देता सांगितलं, "आम्ही हिचं नाव आभा ठेवणार हं." कुशल खाली बघून हसला. मला नाव आवडलं. दोन अक्षरांचं, हलकं. घरी आल्यावर न्हाणीघरात दार लावून मी ते दोन-चारदा म्हणून पाहिलं.

बाबांचा स्वभाव प्रत्येक गोष्ट आधी करून ठेवण्याचा. सकाळच्या गाडीनं जायचं तर संध्याकाळीच बॅग दाराशी. पाहुणे पाचला येणार तर हे चारपासून शर्ट घालून खुर्चीत. त्याला कारणही होतं. ते हिशेब बघत होते ती मिल त्यांच्या पन्नाशीत बंद पडली. काही मिळालं, बरंच बुडालं. माझ्या आजोबांना संस्थानी नोकरीचं पेन्शन होतं, ते शेवटच्या महिन्यापर्यंत चुकलं नाही. बाबा म्हणायचे, "माझ्या वडलांना महाराजांनी पोसलं, मला पोस्टाचं व्याज पोसतंय. तुला कोण पोसणार, योगी?"

"माझा नवरा," मी म्हटलं होतं.

"आणि त्याला कोण?"

साखरपुडा होऊन आठवडा झाला नसेल, बाबा पोस्टातून फॉर्म घेऊन आले. पंधरा वर्षांचं खातं. वर्षाला थोडे थोडे भरायचे, मध्ये एकही वर्ष चुकवायचं नाही, आणि शेवटी हवं तर पाच पाच वर्षं पुढे वाढवत न्यायचं. "दोन हजार नऊला पाकेल," ते म्हणाले. आम्ही बडोद्याचे लोक ठेवीची मुदत भरली की ती 'पाकली' म्हणतो, गुजरातीतून घेतलेला शब्द आहे. "पाकलं तरी काढू नकोस. साठीपर्यंत ने. आणि सासरी बोलू नकोस. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. घरात पैसा आहे हे कळलं की घराला त्याची गरज लागते."

मग फॉर्मावर बोट ठेवून म्हणाले, "इथे सही कर. नव्या नावानंच कर. नंतर नाव बदलायला पोस्टात खेटे कोण घालणार?"

मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वीसेक वेळा सराव केला. आ-ला जरा मोठा काना, भा-ची रेघ फणसेपर्यंत ओढलेली. मग नमुन्याच्या कार्डावर तीन सह्या केल्या. ओळख-बिळख कुणी विचारली नाही. खिडकीवरचे लोक बाबांना वर्षानुवर्षं ओळखत होते.

लग्नात लक्ष्मीपूजन कार्यालयातच उरकलं. तांदळाचं ताट आलं, कुशलनं अंगठी धरली आणि नाव लिहायला लागला. ताट मला उलट्या बाजूनं दिसत होतं, त्यामुळे पहिलं अक्षर स असल्यासारखं वाटलं तेव्हा मला वाटलं, मीच नीट वाचत नाहीये. मग सगळे म्हणाले, "संपदा! वा, संपदा!" मी मान वर केली. बाबा समोर उभे होते, फेटा थोडा कलता झालेला, आणि तोंडावर असं काही, की जणू गाडी डोळ्यांदेखत सुटली.

सकाळी गुरुजींनी पत्रिका पाहून स अक्षर काढलं होतं. आम्हाला कळवायचं राहून गेलं. त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. नाव ठेवण्याचा हक्क त्यांचा.

"होईल दुरुस्त," बाबा नंतर म्हणाले. "मी बघतो." जन्मभर सगळं वेळेआधी करणाऱ्या माणसानं ही एक गोष्ट सहा वर्षं पुढे ढकलली. मी विचारलं की म्हणायचे, "सही तुझ्या हातची आहे ना? मग? हात कुठे जातोय?" दर मार्चला ते स्वतः जाऊन पैसे भरायचे आणि मला फोनवर सांगायचे, "आभाबाईंचं काम झालं." आमचा दोघांचा तेवढाच एक विनोद होता.

यंदा मार्च आला आणि फोन येणार नव्हता.

*

आम्ही वासण्याला टेनामेंटमध्ये राहतो. खाली दोन खोल्या, वर एक, पुढे ओटला, ओटल्यावर हिंचका. सासूबाई, मी, कुशल आणि अडीच वर्षांची अहल्या. अहल्या झाल्यावर मी शाळेतली नोकरी सोडली. सोडली म्हणजे रजा वाढवत गेले आणि मग शाळेनं दुसरी बाई घेतली. आता दुपारी सोसायटीतल्या दोन मुलींना इंग्रजी शिकवते. त्या 'टीचर' म्हणतात, त्यांच्या आया 'अहल्यानी मम्मी' म्हणतात, कुशल संपदा म्हणतो. बाबा गेल्यापासून योगी म्हणणारं कुणी नाही.

मला काळजी करायची सवय आहे, हे सगळे सांगतात. अहल्या झोपली की मी तिच्याकडे बघत वयं मोजते. मी साठ वर्षांची होईन तेव्हा ही तेहतीसची. हिचं तेव्हा काय चाललेलं असेल? हिला मुलं असतील, घर असेल, आणि मी महिन्याच्या औषधांची चिठ्ठी हातात घेऊन हिच्या दारात उभी असेन. हे मी कुणाला सांगितलं तर हसतील. म्हणून सांगत नाही.

कुशलला याची काळजी नाही असं नाही. त्याची वेगळ्या तऱ्हेची आहे. तो नंदेसरीला एका केमिकल कंपनीत आहे. पहिली पाळी संपली की घरी न येता अलकापुरीत एका शेअर दलालाच्या ऑफिसात जातो. तिथे मोठ्या पडद्यावर भाव सरकत असतात. साताला घरी येतो तो डोळे लाल करून, पण खुशीत. बाबांची एक ठेव माझ्या नावे होती, चाळीस हजारांची. ती फेब्रुवारीत त्यानं मला विचारून दोन सॉफ्टवेअर कंपन्यांत घातली. महिन्याभरात तिचे साठाच्या वर झाले होते. मी काय बोलणार?

"साठाव्या वर्षी कंपनी मला काय देणार, माहितीये?" एकदा जेवताना तो म्हणाला. "एक घड्याळ आणि एक हार."

"आणि प्रॉव्हिडंट फंड," मी म्हटलं.

"त्यात त्या घड्याळाचे सेल येतील."

सासूबाई हसल्या. त्यांना मामंजींच्या रेल्वेचं पेन्शन येतं, निम्मं, पण येतं. पहिल्या आठवड्यात त्या स्वतः रिक्षानं बँकेत जातात आणि येताना अहल्याला खारी बिस्किटं आणतात.

"हसू नकोस, आई. तू शेवटची पेन्शनवाली. तुझ्यानंतर ज्याचं त्यानं बघायचं."

"मग पोस्टात टाक की थोडे. विश्वासराव टाकायचे."

"पोस्टात? आता बारावरून अकरा टक्के केलं त्यांनी. वर्षाला अकरा. आमच्या ऑफिसातला मेहता अकरा दिवसांत अकरा टक्के काढतो."

"आणि बाराव्या दिवशी?" सासूबाईंनी विचारलं.

"बाराव्या दिवशी तो सुट्टी घेतो."

तोही हसला, मीही हसले. पण मी त्याच्या हातांकडे बघत होते. हसताना त्यानं पोळीचा तुकडा बारीक बारीक करून ताटात ठेवून दिला होता, खाल्ला नव्हता. तो घाबरलेला होता. माझ्याइतकाच. फक्त त्याला वाटत होतं धावत सुटलं की भीती मागे राहते. आणि मला ठाऊक होतं, आभाच्या खात्याचं त्याला कळलं तर तो तेही पैसे बरोबर घेऊन धावेल. सातव्या वर्षापासून त्यातले काही काढता येतात. सातवं वर्ष हेच.

*

मार्चच्या मध्यावर मी अहल्याला कडेवर घेऊन पोस्टात गेले. पासबुक बाबांच्या कपाटातून आणलेलं होतं. सासूबाईंना सांगितलं, लसीचं विचारून येते.

खिडकीवर जाड चष्म्याच्या एक बेन होत्या. बाबांच्या ओळखीचे जुने लोक निवृत्त झालेले.

"पैसा भरवा छे?"

"हां. पण एक पूछवुं हतुं. खातामां नाम खोटुं छे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खोटुं एटले? लखवामां भूल छे, के खोटुं छे?"

गुजरातीत चुकीचं आणि खोटं या दोन्हीला तोच एक शब्द. इतकी वर्षं बोलतेय, पण हे कधी अडलं नव्हतं. आभा चुकीची होती की खोटी, हे मलाच नक्की सांगता येईना.

मी जमेल तसं समजावलं. लग्नाआधी एक नाव, लग्नात दुसरं, खातं तिसऱ्याच नावावर. मागच्या रांगेतलं कुणीतरी पुढे सरकून ऐकायला लागलं. बेन वाईट नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकून घेतलं.

"जुओ बेन," त्या म्हणाल्या, "पैसा तो कोई पण भरी जाय, अमे ना नहीं पाडीए. पण काढवा होय त्यारे आभाबेन जोईए. तमारी पासे आभानुं कंई छे? दाखलो, कागळ?"

"सही छे."

"सही तो छे. पण माणस?"

भरायला कुणीही चालत होतं, काढायला मात्र आभा हवी होती. मग त्यांनी रस्ता सांगितला. स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं, की योगिनी, आभा आणि संपदा या एकच. त्यावर नवऱ्याची सही हवी, आणि घरातल्या दोन मोठ्या माणसांची साक्ष, ज्यांना तिन्ही नावं माहीत आहेत. "घरना ज जोईए. बहारना नहीं चाले. बहारनाने शुं खबर?"

मी त्या दिवशी पैसे भरलेच नाहीत. आधी नाव, मग पैसे, असं मनाशी म्हटलं. एकतीस तारखेला अजून पंधरा दिवस होते.

परत येताना सगळा गुंता सरळ दिसायला लागला. पैसे माझे आहेत असं कागदावर यायला हवं तर घरच्यांनी सांगायला हवं. घरच्यांनी सांगायला हवं तर त्यांना पैसे आहेत हे कळायला हवं. आणि कळलं की ते पैसे अलकापुरीच्या पडद्यावर.

तरी मला वाटत होतं, काहीतरी मधला मार्ग निघेल. नावाचं आधी विचारावं. पैशाचं मग बघता येईल.

*

दुपारी सासूबाई आणि मी ओटल्यावर वाल सोलत बसलो होतो. बिरडं करायचं होतं. मोड आलेले वाल पाण्यात, आणि आमची चार बोटं टपाटप सालं काढणारी. अहल्या सालं गोळा करून तिच्या बाहुलीला भरवत होती.

"आई," मी म्हटलं, "माझं नाव आधी आभा ठेवायचं ठरलं होतं ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणाला होता. साखरपुड्याला."

त्यांचे हात थांबले नाहीत. "छे गं. आभा? आमच्याकडे कुणी असलं नाव ठेवलंय का कधी? मी पहिल्यापासून संपदाच म्हणत होते."

"पेढ्यांचा पुडा देताना, बाबांना..."

"पेढे आठवतात. विश्वासरावांनी चार खाल्ले. मी म्हटलं, बरं झालं, गोड खाणारा माणूस भांडकुदळ नसतो." त्या हसल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "का गं? आज मध्येच?"

"सहज. बाबांची आठवण आली."

"येणारच." त्यांनी त्यांच्या पुढ्यातले थोडे वाल माझ्या भांड्यात लोटले, म्हणजे मी लवकर सुटेन. त्यांची माया करायची तऱ्हा तीच.

मी त्यांचा चेहरा निरखत होते. त्या लपवत असत्या तर मला कळलं असतं. मला असलं कळतं. दूधवाल्यानं पाणी घातलं की दुधाआधी त्याच्या तोंडावरून कळतं. सासूबाई काही लपवत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात आभा नव्हतीच. सहा वर्षांत तो पुडा, ते वाक्य, सगळं धुऊन गेलं होतं आणि तिथे आधीपासून संपदा बसलेली होती. खोटं बोलणाऱ्याशी निदान भांडता येतं.

राहता राहिला कुशल. मी मनाशी ठरवलं: त्याला आभा आठवत असेल तर त्याला सगळं सांगायचं. खातं, पासबुक, सगळं. ज्याला आठवतं त्याच्यापासून लपवायचं नाही. मग तो काय करायचं ते करो. मला खरं तर सांगायचंच होतं. तीन महिने एकटीनं धरून ठेवलेली गोष्ट हाताला जड झाली होती.

रविवारी सकाळी तो फाटकाजवळ स्कूटर पुसत होता. मी चहा घेऊन गेले.

"अहो, लग्नात तुम्ही ताटात नाव लिहिलंत, त्याच्या आधी दुसरं नाव ठरलं होतं, आठवतं?"

"मला?" त्यानं फडकं झटकलं. "मला तर गुरुजींनी चिठ्ठी दिली होती. ती पाठ करत उभा होतो. आणि तांदळात तो प काही जमेना. अंगठी सारखी घसरत होती. तेवढंच आठवतंय. सगळे बघत होते गं!"

"त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधीचं काही नाही. कोणतं नाव होतं?"

मी कपबशी हातात घेऊन उभी होते. त्यानं विचारलं होतं. म्हणजे सांगायला जागा होती. पण विचारून तो खाली वाकला आणि पुढच्या चाकाच्या तारा पुसायला लागला, एक एक करून, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "बरं, एक विचारायचं होतं. मेहता म्हणतोय एप्रिलमध्ये अजून एक उसळी आहे. आपली बँकेतली एफडी मी मोडतोय. तुझ्या बाबांनी तुझ्या नावावर अजून कुठे काही ठेवलं होतं का? पोस्टात वगैरे? त्यांचा जीव पोस्टात होता म्हणून विचारतो."

अहल्या ओटल्यावरून मला हाका मारत होती. शेजारच्यांच्या रेडिओवर गुजराती बातम्या चालल्या होत्या. मी म्हटलं, "माझ्या नावावर काही नाही."

"बघ आठवून."

"माझ्या नावावर काही नाही," मी पुन्हा म्हटलं. शब्दाला शब्द खरं होतं ते.

"चालेल," तो म्हणाला आणि चहा एका घोटात पिऊन कप मला परत दिला. मी तिथेच थोडा वेळ रेंगाळले. त्यानं आणखी एक प्रश्न विचारला असता, मग कुणाच्या नावावर आहे का, असा वेडावाकडा, तर मी सांगून टाकलं असतं. पण असा प्रश्न कुठला नवरा विचारतो? तो साखळीला तेल घालत होता आणि शीळ घालत होता.

*

तीस तारखेला, गुरुवारी, मी पुन्हा पोस्टात गेले. शिकवणीचे जमवलेले पैसे पर्समध्ये, बाबा भरायचे तेवढेच. रांग दारापर्यंत आली होती. मार्चअखेर म्हटल्यावर सगळ्यांनाच आठवण होते. अहल्या घामानं भिजून खांद्यावर लोळत होती आणि मी पावती भरत होते. खातेदाराचं नाव: आभा कुशल फणसे. गर्दीत कुणी बघत नव्हतं, तरी मी डाव्या हातानं झाकून लिहिलं.

खिडकीवर त्याच बेन. पासबुक उघडून त्यांनी मला ओळखलं.

"तमे पेला दिवसे नामनुं पूछता हता ने? शुं थयुं? सोगंदनामुं कर्युं?"

"ना," मी म्हटलं. "नाम बराबर छे."

"बराबर छे?"

"हां. मारी ज भूल हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अहल्याकडे, मग मागच्या रांगेकडे. रांग लांब होती. त्यांनी पैसे मोजले, शिक्का मारला. पासबुक परत देणार तेवढ्यात पहिल्या पानावर थांबल्या. "नॉमिनी विश्वास दिघे. पिताजी? छे?"

"गुजरी गया."

"तो बेन, नॉमिनी बदली नाखो ने. काले कंई थाय तो कोने आपीए?" त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला.

मी बाजूच्या फळीवर फॉर्म ठेवला. अहल्याला खाली उभी केली, तिनं माझी साडी धरली. नॉमिनीचं नाव: अहल्या कुशल फणसे. नातं: मुलगी. लिहिताना पेन जरा अडलं. त्या कागदावर अहल्या आभाची मुलगी झाली होती, आणि माझं, म्हणजे संपदाचं, त्यात कुठे काही नव्हतं. मग सही. मला धास्ती होती की हात विसरला असेल. सहा वर्षांत मी ती सही एकदाही केली नव्हती. आ-चा मोठा काना, आणि भा-ची रेघ फणसेपर्यंत. एका दमात झाली. बेननी कार्ड काढून ताडून पाहिली आणि मान हलवली.

"हवे बे साक्षी."

मी फॉर्म जवळ ओढला. "घरना?"

"ना रे. कोई पण. तमे अहीं सही करी ए जोयुं होय, बस एटलुं ज." आणि रांगेकडे मान वळवून त्यांनीच हाक दिली, "अरे, कोई बे जणां साक्षीनी सही करी आपो ने आ बेनने!"

घरात एक माणूस मिळाला नव्हता. इथे अर्ध्या मिनिटात दोन पुढे आले. एक बेन, गळ्यात मापाची पट्टी, दुकान बंद करून आलेल्या असणार. त्यांनी काही न वाचता गुजरातीत सही ठोकली आणि मला म्हणाल्या, "पेन सारी चाले छे, आभाबेन." दुसरे एक म्हातारे गृहस्थ, पांढरा सदरा, काखेत छत्री. त्यांनी मात्र कागद लांब धरून सगळा वाचला.

"फणसे?" ते मराठीत म्हणाले. "वासण्याचे का? रेल्वेतले?"

मामंजी रेल्वेत होते. वासण्याला फणशांचं घर एकच आहे.

"नाही काका. आम्ही दुसरे."

"असं का." त्यांनी पुन्हा सहीकडे पाहिलं. "मराठीत सही करता. बरं वाटलं. आमच्या घरात आता कुणी करत नाही." मग सावकाश, एक एक अक्षर कोरत, त्यांनी माझ्या सहीच्या बाजूला आपलं नाव लिहिलं: प्रतापसिंहराव, आणि पुढे आडनाव. खाली छापलेलं होतं की खातेदारानं आमच्यासमक्ष सही केली आहे.

बेननी फॉर्मावर शिक्का मारला. काम झालं. नऊ वर्षांनी ते पाकेल तेव्हा त्यांना पुन्हा माणूस हवा असेल, आणि तेव्हा मी काय करणार आहे हे मला आजही माहीत नाही. पण तोवर या पैशाला कुणी हात लावू शकत नाही. कुशल नाही. मीसुद्धा नाही.

मी अहल्याला उचललं आणि बाहेर पडले. पायऱ्या उतरताना मागून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मी चालत राहिले. हाका आणखी दोनदा आल्या. शेवटी अहल्याच माझ्या खांद्यावरून मागे वाकून बघायला लागली, म्हणून मी वळले. ते छत्रीवाले गृहस्थ पायऱ्यांवर उभे होते, हातात अहल्याची एक चप्पल.

"अहो आभाताई! किती हाका मारायच्या?"

"माफ करा काका. लक्ष नव्हतं."

"या वयात ऐकायला कमी येतं की काय?" ते हसले, चप्पल दिली आणि पुन्हा आत रांगेत गेले.

रिक्षा मिळेपर्यंत मी कडेला उभी राहिले. या नावाची सवय करायला हवी, मला वाटलं. नऊ मार्च जायचे आहेत. हाक आली की वळायला तरी हवं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मी हळूच, पण ऐकू येईल असं म्हटलं, "आभा."

अहल्यानं चटकन माझ्या तोंडाकडे पाहिलं. नवा शब्द मिळाला की ती दिवसभर तोच घोळवते. "आबा," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, माझ्या गालावर हात मारत, "आबा! आबा!"

संध्याकाळी सासूबाई विचारणार, हे कुठून शिकली. मी तिला रिक्षेत मांडीवर बसवलं आणि बाहेरचं दाखवायला लागले. ती बघ गाय, ती बघ लारी, त्यावर बघ किती केळी. वासण्याच्या वळणापर्यंत तिचा तो शब्द सुटला. मी तो पुन्हा मोठ्यानं म्हटला नाही.